पगार कोण देतो?

हिशेब सामन्यांच्या पत्रकाच्या पाठीवर मांडला होता. प्रवेश फी ५००. जीपचं भाडं २,२००. रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-पोहे मिळून ६००. एकूण ३,३००. समोर तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, ५,००१. उरले १,७०१. वरचा रुपया मारुतीच्या पायाशी ठेवला आणि बाकीचे दहा जणांत वाटले. प्रत्येकी १७०.

हा हिशेब ज्या पोराने केला, तो रात्री अडीच वाजेपर्यंत चढाया करत होता. ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाताना आत वळलेल्या एका गावात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मैदान आखलं होतं. कडेला बांबूंवर हॅलोजन, रेषांना चुन्याची फक्की, आणि चारी बाजूंना तणस अंथरून, कानाला मफलर गुंडाळून बसलेलं गाव. पोराचा उजवा पाय पकडीत सापडला तेव्हा माझ्या मागून एका आजीने ओरडून सांगितलं, ‘‘सोडू नोको रे, धरून ठेव!’’ आजी दुसऱ्या संघाच्या बाजूची होती. पोरगा तिघांना फरफटत मध्यरेषेपर्यंत आला आणि बोटाची दोन पेरं रेषेपलीकडे टेकवून तीन गुण घेऊन गेला. सकाळी त्या गुडघ्यावर हळद आणि तेलाचा लेप होता.

झाडीपट्टीतल्या माणसाला या प्रसंगात वावगं काही वाटणार नाही. दिवाळीपासून गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, कुठे शंकरपट होतो, कुठे कबड्डी, आणि रात्री नाटक असतंच. मला खटकतो तो नाटकाचा आणि कबड्डीचा शेजार. वडशात, म्हणजे देसाईगंजात, नाटकमंडळ्यांची कार्यालयं आहेत. तिथे तारखा ठरतात, विसार दिला जातो, नट-नट्या, वादक, पडदेवाले असे सगळे बांधले जातात. गाव तिकीट काढून नाटक पाहतं आणि हंगामभर माणसं त्यावर पोट भरतात. म्हणजे रात्र जागवणाऱ्याला पैसे मोजायची सवय या मुलखाला चांगलीच आहे. त्याच मंडईत, शंभर पावलांवर, तेवढीच रात्र जागवणारा चढाईपटू मात्र १७० रुपये घेऊन जीपमध्ये चढतो. रंगमंचावर नाव कमावलेल्या माणसाला आपण कलावंत म्हणतो आणि बिदागी विचारतो. मैदानावरच्याला शाबासकी देतो आणि विचारतो, ‘‘बाकी काय करतोस?’’

हा ‘बाकी काय’ जगात कुठे कुठे विचारावा लागत नाही, आणि का, हे पाहण्यासारखं आहे. त्यासाठी थोडं लांब जावं लागेल. सुरुवात मात्र विदर्भातूनच करता येते.

१९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू गेला होता. आपले देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले, त्यांत कबड्डी होती. प्रात्यक्षिक झालं, कौतुक झालं, चमू परत आला. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकचा अधिकृत खेळ झाला. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर होते. अंतिम सामन्याला पाऊस आला आणि त्या चिखलात चेंडू उसळेना. अमेरिका १९–८ अशी जिंकली, यावरून चिखलाची कल्पना यावी. या स्पर्धेत फिलिपिन्सचा संघ पाचवा आला. पाचपैकी एकच सामना ते हरले, तोही अमेरिकेशी. पुढे १९५४ साली रिओच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक पटकावला.

म्हणजे एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात दोन खेळ जगापुढे उभे होते. फिलिपिनो लोक सरासरीने बुटके, आणि खेळ उंचीचा. तिथल्या अमेरिकी राजवटीत वायएमसीएवाल्यांनी तो आणला आणि शाळांतून रुजवला. वायएमसीए आपल्याकडेही होती. मद्रासला १९२० साली तिने शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. आपल्याकडे बास्केटबॉल शाळांच्या, रेल्वेच्या, सैन्याच्या आणि कारखान्यांच्या वसाहतींच्या आवारात राहिला, कुंपणाबाहेर फारसा गेला नाही. चंद्रपूर भागातल्या ज्या शाळेत मी शिकलो तिथेही एक रिंग होती. गंजलेली, जाळी नसलेली. पावसाळ्यात तिच्या खांबाला पीटीचे मास्तर सायकल बांधत.

फिलिपिन्समध्ये तो खेळ गावच्या चावडीपर्यंत गेला. तिथल्या सगळ्यात लहान प्रशासकीय तुकडीला बारंगाय म्हणतात, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. अशा बेचाळीस हजारांच्या आसपास बारंगाय आहेत आणि कोर्ट नसलेली शोधावी लागेल. कुठे सिमेंटचं, वर पत्रा टाकलेलं. कुठे नारळाच्या झाडाला ठोकलेली फळी. पोरं चपला घालून खेळतात. लग्न, मयत, मतदान, वादळातल्या लोकांची सोय, सगळं त्याच कोर्टावर. आणि गावच्या संताची जत्रा असली की सामने ठरलेलेच. आपल्या मंडईची आठवण व्हावी असा हा सगळा थाट आहे.

पण जत्रेतला खेळ कितीही रुजला तरी त्यातून पगार निघत नाही. पगारासाठी आणखी काहीतरी घडावं लागतं. तिथे ते ९ एप्रिल १९७५ला घडलं. त्या दिवशी मनिलात फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे पीबीए, सुरू झाली. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. गंमत म्हणजे तिच्यातल्या संघांना शहरांची नावं नाहीत. संघ कंपन्यांचे. क्रिस्पा कापडवाल्यांचा. टोयोटा मोटारवाल्यांचा. पुढे सॅन मिगेल बिअर, हिनेब्रा जिन, अलास्का दूध, प्युअरफूड्स सॉसेज. आपल्याकडे ‘आज ट्रॅक्टरवाल्यांनी दुधवाल्यांना हरवलं’ असं म्हणावं, तसलाच हा कारभार. लोकांना त्याचं काही वाटत नाही. क्रिस्पा आणि टोयोटा यांच्या वैरावर त्या देशात घरं फुटायची वेळ येत असे.

या व्यवस्थेतला धोकाही उघड आहे. कंपनीला कंटाळा आला की संघ जातो. अलास्काचा संघ ३५ वर्षं खेळला आणि २०२२मध्ये विकला गेला. नव्या मालकाने नव्या नावाने तो उभा केला, पण पस्तीस वर्षांचा चाहता एका सकाळी दूध सोडून इंटरनेट कंपनीचा कसा होणार? तरी या व्यवस्थेने एक गोष्ट पक्की केली. चांगला खेळाडू हा नोकरदार आहे आणि खेळणं हीच त्याची नोकरी आहे. रॉबर्ट जावोर्स्की नावाचा गडी पन्नाशी उलटल्यावरही खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने मैदानात उतरत होता, आणि १९९८ला तो देशाच्या सेनेटवर निवडून गेला. ‘बाकी काय करतोस’ हे त्याला कुणी विचारलं नसावं.

आता या व्यवस्थेने घडवलेला एक माणूस जरा जवळून पाहू. जून मार फाहार्दो. जन्म १७ नोव्हेंबर १९८९, सेबू बेटावरच्या कंपोस्तेला गावचा. राजधानीपासून दूर, साध्या घरातला. उंची ६ फूट १० इंच. त्या देशात ही उंची म्हणजे भाताच्या बांधीत मोहाचं झाड. बास्केटबॉलची खरी पेठ मनिलातल्या विद्यापीठांत, पण हा सेबूतल्या विद्यापीठाकडूनच खेळला. २०१२च्या निवडीत, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, सॅन मिगेलच्या कंपनीने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. पहिल्या वर्षी तो जरा अवघडलेलाच होता. पुढे २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षं त्याने लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब घेतला. त्याच्याआधी रामोन फर्नांडेझ आणि आल्विन पॅट्रिमोनिओ यांनी तो चार-चार वेळा मिळवला होता, आणि ही हद्द समजली जात होती.

त्याच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात आवडणारा भाग तो बाकावर बसलेला होता तेव्हाचा आहे. २०१६च्या सुरुवातीची अंतिम मालिका, सातपैकी चार जिंकायचे, समोर अलास्का. फाहार्दोचा गुडघा दुखावलेला. सॅन मिगेल पहिले तिन्ही सामने हरलं. तीन शून्यावरून मालिका जिंकल्याचं उदाहरण व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तोवर जगात कुठेच नव्हतं. चौथा सामना त्याच्याविना जादा वेळेत कसाबसा निघाला. पाचव्याला तो लंगडत आत आला. ३ फेब्रुवारीला सातवा सामना झाला आणि सॅन मिगेलने मालिका ४–३ अशी घेतली. बिअरवाल्यांचा चमत्कार म्हणून तिथल्या लोकांनी ‘बीरॅकल’ असा शब्दच बनवला.

मग फेब्रुवारी २०२०. सरावात नडगीचं हाड मोडलं. त्यानंतर करोना. आता इथे थांबून बांधीतल्या त्या पोराचा गुडघा आठवा. फाहार्दो दीड वर्षाच्या आसपास खेळला नाही. शस्त्रक्रिया झाली, फिजिओ होता, करार होता. पीबीएत अव्वल खेळाडूचा पगार महिन्याला ४ लाख २० हजार पेसो इतका बांधून दिलेला आहे. तो त्याहून वर जाता कामा नये, हा लीगचा नियम. त्याच आधारावर माणूस परत उभा राहिला आणि पुढे पुन्हा सर्वोत्तम ठरला. ६ ऑक्टोबर २०२३ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने जॉर्डनला ७०–६० हरवून सुवर्ण घेतलं, १९६२ नंतर पहिल्यांदा. त्या संघात तो होता.

दुसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, त्याच शहरात भारत आणि इराण यांचा कबड्डीचा अंतिम सामना झाला. गुण कुणाचा यावरून तासाभराच्या आसपास खेळ थांबला, पंच आणि अधिकारी नियमांचे कागद चाळत बसले, शेवटी भारत ३३–२९ने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते.

बर्लिनपासून हांगझोपर्यंत ८७ वर्षं. एवढ्या काळात कबड्डीवाल्याला पगार कोण देत होतं? उत्तर सोपं आहे: दुसऱ्याच कामाच्या नावाखाली कुणीतरी देत होतं. मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, रेल्वे, पोलीस अशा संघांचा दबदबा होता. खेळाडू कागदावर कारकून, फिटर, शिपाई. दुपारी मैदानावर. लालबाग-परळ-प्रभादेवीच्या मंडळांतून पोरं वर येत, एखादा साहेब सामना बघायला येई आणि अर्ज घेऊन ये म्हणे. शंकरराव साळवी, ज्यांना सगळे बुवा म्हणत, त्यांनी हयात घालवून हा खेळ देशभर आणि आशियात नेला. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तो पोचला. पण ‘कबड्डीपटू’ हा पोटापाण्याचा धंदा झाला नाही. कबड्डी ही नोकरीला लागायची शिडी होती. वर पोचलं की शिडी भिंतीला टेकवून ठेवायची.

विदर्भाच्या पोराला तर ती शिडीही दूर पडते. कबड्डीच्या कारभारात विदर्भाची संघटना वेगळी आहे, राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो. त्यामुळे गडचिरोलीचा चढाईपटू महाराष्ट्राकडून खेळत नाही आणि मुंबईतल्या साहेबाच्या नजरेत सहजासहजी येत नाही.

२६ जुलै २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पगार देणारा बदलला. आता तो टीव्ही होता. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार, किंमत १२ लाख ८० हजार. चार वर्षांत, २०१८च्या लिलावात, सहा जणांनी कोटीचा आकडा गाठला. त्याच लिलावात यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नवख्या चढाईपटूला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्याचं नाव सिद्धार्थ देसाई.

चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं अगदी दक्षिण टोक, बाजाराला बेळगाव जवळ. आपल्यासारखाच भाताचा, पावसाचा आणि जंगलाचा मुलूख. घर शेतकऱ्याचं, थोरला भाऊ सूरज हाही कबड्डीपटू. सिद्धार्थ अंगापिंडाने दणकट. त्याच्या खेळात नजाकत शोधणारे निराश होतात. तो आत जातो, हात टाकतो, दोघे-तिघे अंगावर येतात, आणि मग तो त्यांच्यासकट परत निघतो. बांधीतल्या त्या पोराने जे केलं तेच, फक्त मॅटवर आणि दहा कॅमेऱ्यांपुढे. पहिल्या चार सामन्यांतच त्याचे चढाईचे ५० गुण झाले. इतक्या लवकर तिथवर तोपर्यंत कुणी गेलं नव्हतं. हंगामअखेर चढाईचे २१८ गुण. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले.

पुढच्या लिलावात, २०१९ला, तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा भाव. त्याने पुन्हा दोनशेवर गुण घेतले, संघ मात्र तळाजवळच राहिला. मग करोनाचं कोरं वर्ष. २०२१च्या डिसेंबरात लीग बंगळुरात बंद दाराआड सुरू झाली तेव्हा दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. मोठ्या चणीच्या चढाईपटूचं हे ठरलेलं दुखणं आहे. ज्या खांद्यांनी तिघांना ओढायचं ते खांदेच आधी झिजतात. तो परतला, संघ बदलला, २०२३च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला एक कोटीला घेतलं. १ मार्च २०२४ला हैदराबादेत स्टीलर्स अंतिम सामना खेळले आणि पुणेरी पलटणकडून २८–२५ असे हरले. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार. म्हणजे त्या रात्री करंडक उचलणारा महाराष्ट्राचा, आणि हरलेल्या बाजूला मान खाली घालून उभा असलेलाही.

फाहार्दो आणि देसाई यांना शेजारी उभं केलं तर फरक उंचीत किंवा खेळात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. पीबीएचा एक हंगाम वर्षाचा मोठा भाग व्यापतो, त्यात एकाहून अधिक स्पर्धा असतात. त्यांतल्या एका स्पर्धेत परदेशी खेळाडूंना मज्जावच आहे, ती फक्त घरच्या पोरांसाठी. फाहार्दो २०१२ला ज्या घरात शिरला त्याच घरात राहिला. प्रो कबड्डी काही महिन्यांत आटोपते. लिलाव होतो, किंमत चढते किंवा कोसळते, आणि एका हंगामाचा बाहुबली पुढच्या हंगामात कोणत्या रंगाचा बनियन घालेल हे हातोडा पडेपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून कोटीचा खेळाडूसुद्धा रेल्वेची किंवा पेट्रोलियम कंपनीची नोकरी सोडत नाही. मला यात भित्रेपणा दिसत नाही. दुष्काळ पाहिलेला शेतकरी एकाच पिकावर विसंबत नाही, तसंच आहे हे.

गडचिरोलीत पगार देणारा एकच आहे, सरकार. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल, आणि २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरपासून वेगळं होऊनही कारखाने मोजकेच. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यात काही दिवसांचा. कंपनीचा संघ काढायला आधी कंपनी लागते. मोठ्या स्पर्धाही पोलीसच भरवतात. पोलीस दलाच्या कबड्डी स्पर्धेला वीर बाबुराव शेडमाके यांचं नाव आहे. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदाराला इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. व्हॉलीबॉलच्या स्पर्धेला बिरसा मुंडांचं नाव. सरकारशी लढलेल्या दोन माणसांच्या नावाने सरकारी स्पर्धा भरतात आणि दुर्गम भागातली पोरं त्यांत हिरीरीने उतरतात, यातला विनोद इतिहासाच्या खात्यावर टाकू.

अंगात रग नाही असं तर कुणी म्हणूच नये. मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. आदिवासी विकास विभागाची ‘मिशन शौर्य’ ही मोहीम. ज्यांनी तोवर बर्फ फक्त पाहुण्याच्या सरबतात पाहिला होता, ती पोरं काही महिन्यांच्या तयारीने ८,८४८ मीटरवर गेली. पण गिर्यारोहणाला तिकीट लागत नाही, लीग नाही, लिलाव नाही. माथ्यावरून उतरलेल्या मुलासाठी पुन्हा तोच प्रश्न पायथ्याशी थांबलेला असतो.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते चांगलं आहे, आणि त्याच्या आशेने बोगस प्रमाणपत्रांचा बाजारही भरला. ज्यांनी ट्रॅम्पोलिन डोळ्यांनी पाहिलं नसेल अशांकडे ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रं सापडली. नोकरी हेच खेळाचं फळ असेल, तर फळ थेट बाजारातून आणणारे निघणारच.

त्या पोराला मी जीप सुटण्याआधी विचारलं, पुढे काय. मी प्रो कबड्डीचं उत्तर धरून चाललो होतो. तो म्हणाला, ‘‘सर, सोळाशे पाच-वीसमध्ये येते. दहा सेकंद कमी करायचे आहेत.’’ सोळाशे म्हणजे पोलीस भरतीतली १६०० मीटरची धाव. मैदानी परीक्षेच्या ५० गुणांतले वीस गुण त्या एका धावेचे, बाकी १०० मीटर आणि गोळाफेक. गुडघ्याचं काय, विचारलं तर हसला. लेप रात्रीपर्यंत निघेल म्हणाला.

वडशापासून आरमोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेचार-पाचला कधी गेलात तर गाडी हळू घ्या. धुकं असतं, आणि रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी रांगेने धावत असतात. पायात स्वस्तातले बूट, कुणाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. मैलाच्या दगडांवर त्यांनी खडूने आपापल्या वेळा लिहून ठेवलेल्या आहेत. पाऊस आला की त्या पुसल्या जातात आणि पुन्हा लिहिल्या जातात.